अभ्यास आणि अवधान

गेल्या फाल्गुनातली गोष्ट आहे. आमच्या पुतण्याने नवी मोटारसायकल घेतली. तो वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि आमच्या शहराचा दुचाकीशी तेव्हापासून जो ऋणानुबंध जुळला तो वाढतच गेला. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. पण संध्याकाळी पाळी सुटली की नगर रस्त्यावर दुचाक्यांची जी दिंडी निघते ती तीच आहे. फक्त टाळ-वीण्याऐवजी हॉर्न वाजतात.

त्याच रस्त्यावर छोटे पंढरपूर आहे. ज्यांना आषाढीला थोरल्या पंढरपुरास जाणे घडत नाही असे आमच्या भागातले हजारो लोक एकादशीला तिथे पायी येतात. तिथे गाडीची पूजा झाली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. लिंबाच्या बाबतीत आमचे मत घरात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही गप्प राहिलो. चाक पुढे गेले, लिंबू चिरडले, एवढेच त्याचे फळ. पूजा झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, धाकट्या पंढरपुरात झालं, आता थोरल्या पंढरपूरला नेतो तुम्हाला. गाडीवर."

आमची पासष्टी उलटली आहे. वारी आम्ही पायीच करतो, आणि गाडीवरून जाऊन घडते ती वारी नव्हे, नुसते दर्शन होय, हे आम्ही त्याला सांगितले. तरी पण जायला तयार झालो. वाहनाने पंढरीस जाणे ही काही आजची गोष्ट नाही. कुर्डुवाडीहून बार्शी लाईटची छोटी गाडी १९०६ सालीच पंढरपूरपर्यंत पोहोचली होती, आणि आमच्या आजोबांच्या वयाचे वारकरी तिच्यात बसलेच होते. शिवाय परतीच्या वाटेवर पैठणला नाथषष्ठी होती आणि एका दिंडीच्या राहुटीत आमचे कीर्तन ठरले होते. दोन्ही साधत होते.

निघण्यापूर्वी मेकॅनिकने पुतण्याला बजावले ते आम्हीही ऐकले. पहिले हजारएक किलोमीटर गाडी पळवायची नाही. एकाच वेगात तासन्‌तास चालवायची नाही, वेग थोडा कमी-जास्त करीत राहायचे. चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हायला लावायचे नाही. मधून मधून थांबून इंजिन निवू द्यायचे. आम्ही विचारले, "नवी आहे तर जास्त पळायला हवी, कमी का?" तो म्हणाला, "महाराज, इंजिन अजून बसलं नाही." मग त्याने समजावले. सिलिंडरची आतली भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण तिच्यावर बारीक रेषा मुद्दाम ठेवलेल्या असतात. पिस्टनवरच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत तिच्याशी जुळतात. दोन्हींचा खरखरीतपणा थोडा थोडा जातो. त्यातून निघालेली धातूची पूड तेलात उतरते, म्हणून पहिले तेल लवकर बदलतात. नवे टायरसुद्धा सुरुवातीला निसरडे असतात, शंभरेक किलोमीटर रस्त्याला घासल्यावर मग धरतात. म्हणजे नवी वस्तू ही अजून पुरती वस्तू झालेली नसते, वापराने होते. पाठशाळेत नवा विद्यार्थी आला की आमचे गुरुजी त्याला पहिले सहा महिने नुसते शब्दरूप घोकायला लावीत, ते आठवले.

पहाटे निघालो. बीड बायपास सोडून सोलापूरच्या हमरस्त्याला लागलो. डोक्यावर हेल्मेट, टोपी खिशात, धोतराचा सोगा घट्ट खोचलेला. मागच्या चाकात साडी अडकू नये म्हणून बाजूला जाळी असते, ती आमच्या धोतराच्याही कामी आली. आडूळच्या पुढे उजाडले. तरी गाडीचा दिवा चालूच. आम्ही दोनदा पाठीवर थोपटून सांगितले, "अरे, दिवा राहिला." समोरून येणारेही बोटे उघडझाप करून तेच सांगत होते. शेवटी तो म्हणाला, "काका, तो बंदच होत नाही. २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना असाच आहे. उजेड आपल्याला दिसायला नाही, आपण दुसऱ्याला दिसायला." हे वाक्य आम्ही मनात ठेवले. पुढे त्याचे काम पडले.

वळणावर आम्हाला भीती वाटे. गाडी डावीकडे कलली की आम्ही उजवीकडे अंग टाकायचो. पाचोडच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली आणि काकुळतीने म्हणाला, "काका, तुम्ही गाडीबरोबर कला. तुम्ही उलटं अंग टाकलं की गाडी वळत नाही हो." चालवणाराच शिकतो असे नाही, मागे बसणाऱ्यालाही शिकावे लागते. मराठीत सवय झाली याला 'अंगवळणी पडले' म्हणतात. हा शब्द आम्ही आयुष्यभर वापरला, त्यातले वळण त्या दिवशी अंगाला कळले.

शहागडला गोदामाईला हात जोडले. गेवराई सोडली आणि बीडच्या वाटेला एक प्रकार झाला. पुतण्याची जुनी गाडी होती तिचे सगळे गिअर पायाच्या पुढल्या दाबाने पडत. नवीचा पहिला खाली आणि बाकीचे चार वर. चांगला वेग होता, त्याला वरचा गिअर हवा होता, आणि पायाने जुन्या सवयीने खाली दाबले. इंजिन किंचाळले, गाडीला कोणी मागून धरावे तसा गचका बसला, आम्ही त्याच्या पाठीवर आदळलो. थांबून त्याने पाण्याचा घोट घेतला. म्हणाला, "डोक्याला माहीत आहे काका. पाय ऐकत नाही."

आम्ही लहानपणी तर्कसंग्रह घोकला आहे. अन्नंभट्टांनी त्यात 'संस्कार' नावाचा एक गुण सांगून त्याचे तीन प्रकार केले आहेत. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे ढकलणारा थांबला तरी वस्तू पुढे जात राहते तो. भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला ठसा, ज्यातून स्मरण होते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी होते तो. गुरुजी दृष्टान्त देत ते चटईचे, फांदीचे. नैयायिकांनी तिघांना एका नावाखाली का घातले हे आम्हाला तेव्हा नीटसे पटले नव्हते. गेवराईच्या पुढे रस्त्याच्या कडेला ते पटले. क्लच दाबला तरी गाडी धावते तो वेग. खड्ड्यात दबलेला शॉकअब्सॉर्बर पुन्हा वर येतो तो स्थितिस्थापक. आणि पुतण्याचा पाय विकलेल्या गाडीचा गिअर शोधतो ती भावना. गाडी विकता येते, तिचा ठसा विकता येत नाही. शास्त्रात वासनाक्षय हा विषय फार मोठ्या चर्चेचा आहे, पण वासना म्हणजे काय हे कोणी विचारले तर यापुढे आम्ही आधी हा पाय दाखवू.

मांजरसुंब्याच्या घाटात दुसरी गोष्ट शिकलो. रस्त्यात एक दगड पडला होता. पुतण्याने तो लांबून पाहिला, पाहतच राहिला, आणि एवढा रुंद रस्ता मोकळा असताना नेमके त्याच दगडावरून चाक गेले. दैवाने पडलो नाही. तो म्हणाला, "बघत राहिलं की गाडी तिकडेच जाते. दगडाकडे नाही, दगडाशेजारच्या वाटेकडे बघायला पाहिजे." आमच्याकडे कीटभ्रमर न्याय सांगतात. अळी भीतीने का होईना, भुंग्याचे ध्यान करते आणि भुंगाच होते. कंसाला भीतीनेच कृष्ण मिळाला. गाडीवरचा नवशिका हा त्याच न्यायाने दगडाला मिळतो.

येरमाळ्याला चहा घेतला. तिथून गोरोबाकाकांचे तेर फार लांब नाही. पुतण्या म्हणाला, "जाऊन यायचं का?" आम्ही म्हटले, "नको, उशीर होईल." बार्शी, कुर्डुवाडी करीत संध्याकाळी पंढरीस पोहोचलो. पाठ आणि गुडघे दोन दिवस स्वतःच्या अस्तित्वाची साक्ष देत होते. दर्शन उत्तम झाले, त्याबद्दल लिहीत नाही.

आता परतीचे सांगतो. इथपर्यंतचे सारे त्यासाठीच सांगितले.

निघायला दुपार होत आली होती. गाडी आता पाण्यासारखी चालत होती. पाय बरोबर गिअर टाकत होता, वळणाला आम्हीही आपोआप कलत होतो. बीडच्या पुढे आम्हाला कीर्तनाच्या वेळेची काळजी लागली. आम्ही म्हणालो, "आता बसली की रे गाडी, हातही बसला. चल जरा." हे आम्ही म्हणालो, त्याने नव्हे. त्याने वेग वाढवला. पाचोडहून पैठणच्या रस्त्याला वळलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. वद्य पक्षातली पंचमी, चंद्राला अजून वेळ होता. मन प्रसन्न झाले होते, आम्ही रामकृष्णहरीचा गजर धरला. हेल्मेटात स्वतःचाच आवाज घुमतो, मोठा गोड वाटतो. पुतण्यानेही साथ धरली. आम्ही त्याच्या पाठीवर बोटांनी ठेका देत होतो.

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्या दिव्याने डोळे दिपले. अशा वेळी वेग कमी करावा हे पुतण्याला आम्हाला सांगावे लागले नसते, पहिल्या दिवशी त्याने प्रत्येक वेळी केलाच होता. त्या वेळी केला नाही. ट्रॅक्टर गेला आणि उजेडात एकदम एक पाठ दिसली. षष्ठीला निघालेली दिंडी पुढे गेली होती, एक म्हातारबा मागे राहिले होते. वहाणेचा अंगठा तुटला म्हणून वाकून तो बांधीत होते. पुतण्याने ब्रेक दाबला. हल्ली, म्हणजे २०१९ पासून, या लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडून देणे सक्तीचे आहे, एक दाबला की दोन्ही चाके धरतात. गाडी घसरत थांबली, पण हँडल त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीला अडकले आणि ते रस्त्याच्या कडेला पडले. तळहात सोलवटले, गुडघ्याला खरचटले. एवढ्यावर निभावले. आणखी हातभर गाडी गेली असती तर काय झाले असते ते आम्ही लिहू शकत नाही.

आम्ही धावत गेलो. हेल्मेट काढताच आमच्या कपाळावरचा गंध आणि गळ्यातली माळ त्यांना दिसली. ते उठून बसले होते. सोलवटलेले हात तसेच पुढे करून ते आमच्या पायाला लागले आणि म्हणाले, "माउली, तुम्हाला लागलं नाही ना?"

वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो, ही आपली रीत आहे. आम्ही हजारो वेळा पडलो, हजारांनी आमच्या पायाला हात लावला. त्या वेळी पाय मागे घ्यावासा वाटला. आम्हीही त्यांच्या पायावर डोके ठेवले, पण ते रीत म्हणून नव्हते.

त्यांना गाडीवर बसवून नेतो म्हटले तर तयार होईनात. षष्ठीची पायी वारी, चाकावर बसणार नाही. मग आम्ही त्यांच्याबरोबर चाललो. पुतण्या गाडी घेऊन मागे राहिला. थोडे थांबायचे, थोडे पुढे यायचे, असे करीत त्याने आम्हा दोघांच्या मागे तो न विझणारा दिवा आणि इंडिकेटर चालू ठेवला, दिंडी गाठेपर्यंत. कीर्तनाला दीड तास उशीर झाला.

त्या रात्रीच्या निरूपणात आम्ही गोरोबाकाकांचा दृष्टान्त योजला होता. चाळीस वर्षे तो सांगत आलो आहोत. काका चिखल तुडवीत आहेत, मुखी नाम आहे, देहभान हरपले आहे. रांगत आलेले लेकरू पायाखाली येते आणि त्यांना कळतही नाही. इथे आम्ही आवाज चढवतो, टाळकरी साथ धरतात, बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. केवढी ही तल्लीनता, असे आम्ही म्हणतो. त्या रात्री राहुटीत शेवटच्या रांगेत ते म्हातारबा बसले होते, हाताला फडके बांधून. आम्ही चिखलापर्यंत आलो आणि थांबलो. विणेकरी आमच्याकडे पाहू लागला. आवाज चढवता येईना. काय झाले ते सांगून टाकले, नामाचा गजर केला आणि कीर्तन आवरते घेतले.

तेव्हापासून हा विचार पाठ सोडत नाही. पूर्वपक्ष असा होईल की दोष सवयीचा. पहिल्या दिवशी गाडी नवी होती म्हणून मुलगा सावध होता, अंगवळणी पडली आणि गाफील झाला, तर मग नवखेपणच बरे. पण हे खरे नाही. पहिल्या दिवशी तो रस्त्याकडे कुठे पाहत होता? त्याचे सगळे लक्ष पायाकडे, गिअरकडे, नाहीतर त्या दगडाकडे होते. नवा मृदंगी आपल्याच मात्रा मोजत असतो, गायक काय गातो ते त्याला ऐकू येत नाही. हात बसला म्हणजे मग कान मोकळा होतो आणि तो गायकाकडे लावता येतो. जो मुरलेला मृदंगी असतो त्याच्याइतके कोणी ऐकत नाही. म्हणजे अभ्यास हा अवधानाचा वैरी नव्हे. अभ्यासाने मनातली एक जागा रिकामी होते, एवढेच. तिथे कोण येऊन बसते हा पुढचा प्रश्न. त्या संध्याकाळी ती जागा आम्ही भरली, आणि तीही कशाने, तर नामाने. नेमके हेच आम्हाला टोचते. गप्पांनी भरली असती तर तोंड भरून पश्चात्ताप केला असता आणि मोकळे झालो असतो.

हातांनी काम, मुखाने नाम, हे तर आपल्या संतांचे वर्मच आहे. सावतोबांनी मळा खुरपताना, जनाबाईंनी दळताना नाम घेतले. पण खुरप्याखाली गवत होते, जात्यात दाणे होते. रस्त्यावर आपल्या चाकाखाली कोण येईल ते आपण ठरवलेले नसते. आम्हाला असे वाटते की जिथे दुसऱ्याचा जीव आपल्या हातापायाशी आहे तिथे डोळे उघडे ठेवणे हेच त्या वेळचे नाम. वारीत पुढे चालणारा विणेकरी मुखाने गातो आणि पायापुढचा खड्डाही मागच्यांना दाखवतो, त्याचे भजन त्याने खंडित होत नाही. पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला तीन गोष्टी लागतात असे सांगितले. तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा, आणि सत्कारपूर्वक हवा. पहिल्या दोन कीर्तनात आम्ही नेहमी घोळून सांगतो. तिसरीवरून घाईने पुढे जातो. दोन दिवस आणि पाचशेवर किलोमीटर झाल्यावर आम्ही तीच सोडली. गाडीचा, रस्त्याचा, रस्त्यावरच्या माणसाचा आदर.

यावर कोणी म्हणेल, मग गोरोबाकाकांना तुम्ही दोष देता काय? तशी आमची छाती नाही. पांडुरंगाने लेकरू परत दिले, त्यांचे हात परत दिले, त्याअर्थी त्याने निवाडा केला आहे. पण एक गोष्ट चरित्रात आहे आणि आम्ही ती आजवर गाळत आलो. लेकरू गेल्यावर घरात जो आकांत झाला तो आम्ही दोन वाक्यांत उरकतो, कारण श्रोत्यांना पुढच्या चमत्काराची ओढ असते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही. त्या माउलीला त्या क्षणी चमत्कार होणार आहे हे ठाऊक नव्हते. तिच्यासाठी फक्त चिखल होता. आता आम्ही दृष्टान्त सांगतो तेव्हा तिच्यापाशी थांबतो. तल्लीनतेच्या जागी आवाज चढवणे मात्र अजून जमलेले नाही.

गाडीचे पहिले सर्व्हिसिंग आल्याबरोबर झाले. मेकॅनिकने जुने तेल काढून थाळीत धरले तर त्यात चमचमणारी पूड होती. "हे निघायचंच," तो म्हणाला. पुतण्या आता कारखान्यात रोज त्याच गाडीने जातो. दिवेलागणीनंतर आम्ही मागे बसलो असलो तर भजन म्हणत नाही, दोघांनी मिळून ठरवले आहे. आम्ही मनात म्हणतो आणि रस्ता पाहतो. दोन्ही एकदम साधतेच असे नाही.

गोरोबाकाकांच्या या प्रसंगाचा काही निराळा अर्थ फडावरच्या जाणत्यांनी परंपरेने ऐकला असेल तर तो आम्हाला ऐकायचा आहे. यंदाही आम्ही आषाढीला पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पायी निघणार आहोत. वाटेत कुठल्याही मुक्कामी गाठ पडेल.